हृदयाच्या संगणकीय मॉडेलवर पीएच.डी.: नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांसमोरच्या वाटा

हृदयाचे संगणकीय मॉडेल म्हणजे हृदयाचे काम गणिती समीकरणांत मांडून ती समीकरणे संगणकावर सोडवणे. पेशीतून विजेची लहर कशी जाते, स्नायू कधी आकुंचन पावतो, झडपेतून रक्त किती वेगाने वाहते, औषध दिल्यावर ठोक्यात काय बदल होतो, अशा प्रश्नांची उत्तरे रुग्णाला हात लावण्याआधी संगणकावर तपासता येतात. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्या सीमेवरचा हा विषय आहे.

नांदेड किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला यात पीएच.डी. करायची असेल, तर पहिली अडचण नावाची येते. प्रवेशाच्या जाहिरातीत या नावाचा विषय सहसा नसतो. नोंदणी गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल किंवा बायोमेडिकल अभियांत्रिकी यांपैकी एका विषयात होते आणि हृदय हा शोधप्रबंधाचा विषय असतो. त्यामुळे ‘हा कोर्स कुठे आहे?’ असे विचारण्याआधी ‘माझा प्रश्न कोणता, आणि त्याला समीकरणे, रुग्णांची माहिती आणि संगणक यांपैकी काय किती लागेल?’ हे ठरवावे लागते. समीकरणे नांदेडला जी आहेत तीच ऑक्सफर्डलाही आहेत. संगणक दुरूनही वापरता येतो. रुग्णांची माहिती मात्र जिथे रुग्ण आहेत तिथेच मिळते, आणि ती मराठवाड्यात आहे.

विषयाची सुरुवातच एका पीएच.डी.तून

१९५२ साली ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूतून वीज कशी जाते याची समीकरणे मांडली. हक्सले यांनी ती हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. या कामासाठी दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हीच पद्धत हृदयाला लावली डेनिस नोबल या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने. ते शरीरक्रियाशास्त्राचे विद्यार्थी होते. लंडन विद्यापीठात फेरांटी कंपनीचा ‘मर्क्युरी’ हा संगणक होता, पण त्यावर इतरांचे काम चाले. नोबल यांना वेळ मिळाली ती पहाटे २ ते ४ ची. १९६० साली त्यांचे काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले आणि हृदयाच्या पेशीचे पहिले संगणकीय मॉडेल जगासमोर आले. त्यात फक्त चार बदलत्या राशी होत्या. ज्या गणितासाठी नोबल यांना रात्री जागाव्या लागल्या, ते आज साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत होते.

मॉडेलमध्ये नेमके काय असते?

काम तीन पातळ्यांवर चालते.

पहिली पातळी पेशीची. निलयातील स्नायूपेशीच्या आत विश्रांतीच्या वेळी बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ८५ मिलिव्होल्ट दाब असतो. ठोक्याच्या वेळी आधी सोडियम आत शिरते, मग कॅल्शियम, आणि शेवटी पोटॅशियम बाहेर पडून पेशी पुन्हा शांत होते. हा सगळा प्रकार सुमारे ३०० मिलिसेकंदांत उरकतो. प्रत्येक आयनाची ये-जा पेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारांमधून होते. ही दारे किती उघडली, किती मिटली याचे गणित विकलन समीकरणांत, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये मांडतात. मानवी पेशींसाठी टेन टुशर आणि सहकाऱ्यांचे २००४ चे मॉडेल आणि ओ’हारा-रुडी यांचे २०११ चे मॉडेल ही दोन आज फार वापरली जातात. दुसऱ्यात बदलत्या राशींची संख्या ४० च्या आसपास आहे.

दुसरी पातळी ऊतीची. एक पेशी पेटली की शेजारची पेटते आणि लहर पुढे जाते. मध्ये व्रण आला, म्हणजे जुन्या हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला भाग आला, तर लहर अडखळते आणि कधी स्वतःभोवतीच फिरू लागते. या सर्पिल लहरी जीवघेण्या अनियमित ठोक्यांमागचे एक कारण असतात. भारतात या प्रश्नावर जुने काम आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राहुल पंडित आणि चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील सिताभ्र सिन्हा हे दोघे भौतिकशास्त्रज्ञ. ऊतीतील अडथळ्याची जागा किंचित बदलली तरी सर्पिल लहरीचे वागणे किती बदलते, हे त्यांच्या २००७ च्या संयुक्त कामात दाखवले आहे.

तिसरी पातळी संपूर्ण अवयवाची. येथे वीज, स्नायूचा ताण आणि रक्ताचा प्रवाह एकत्र येतात. त्यासाठी हृदयाचे लाखो छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर समीकरण सोडवतात. भूकंपात इमारत कशी हलेल हे पाहताना स्थापत्य अभियंते वापरतात तीच ही पद्धत, फायनाइट एलिमेंट.

संगणकाला किती काम पडते याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. दर पाव मिलिमीटरवर एक बिंदू घेतला तर १ घन सेंटिमीटरमध्ये ६४ हजार बिंदू बसतात. निलयाची भिंत १६० घन सेंटिमीटर धरली तर बिंदू होतात सुमारे १ कोटी. १ सेकंदाचे ५० हजार टप्पे केले तर एका सेकंदासाठी ५० हजार कोटी वेळा हिशोब करावा लागतो, आणि दर वेळी पेशीच्या सगळ्या राशी नव्याने काढाव्या लागतात. म्हणून अवयवाच्या पातळीला महासंगणक लागतो, ऊतीच्या छोट्या तुकड्याला एक चांगले ग्राफिक्स कार्ड पुरते आणि पेशीला लॅपटॉप. विषय निवडताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

याचा रुग्णाला काय उपयोग?

काही औषधे पोटॅशियमची दारे अडवतात, ठोका लांबतो आणि रुग्ण अचानक दगावू शकतो. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध याच धोक्यामुळे १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गेले. नवीन औषधाचा हा धोका पेशीच्या मॉडेलवर आधीच तपासावा, यासाठी २०१३ पासून ‘सीपा’ नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन घेऊन, तार न घालता, अडथळ्यापलीकडचा रक्तदाब गणिताने काढणाऱ्या पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली मान्यता दिली. अमेरिकेतीलच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रुग्णाच्या एमआरआयवरून आभासी हृदय बनवून, अनियमित ठोक्यांवर नेमका कुठे उपचार करायचा हे शोधण्याचे काम चालते.

आपल्या भागातले प्रश्न

बहुतेक मॉडेल युरोप-अमेरिकेतील माहितीवर बेतलेली आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातले काही प्रश्न तिथल्या प्रयोगशाळांसमोर येतच नाहीत. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याची खरी संधी इथेच आहे. तीन उदाहरणे पाहू.

विंचूदंश आणि हृदय. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे मिटू देत नाही. शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवले. त्यांचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, मृत्यूंचे प्रमाण मोठ्या फरकाने खाली आले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हॉजकिन-हक्सले यांच्या समीकरणांत सोडियमचे दार किती वेगाने मिटते यासाठी वेगळी राशी आहे. ती बदलली तर मज्जातंतू कसा वागतो, त्यातून हृदयाच्या पेशीतील कॅल्शियमवर काय परिणाम होतो, आणि औषध किती उशिरा दिले तर चालते, हा पेशी व रक्ताभिसरण यांना जोडणारा प्रश्न मोठ्या संगणकाविना हाताळता येतो.

संधिज्वराने खराब झालेली झडप. लहानपणी घशाचा जिवाणूसंसर्ग होतो, पुढे सांधे दुखून ताप येतो, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात, आणि काही वर्षांनी डाव्या बाजूची द्विदल झडप अरुंद होते. निरोगी प्रौढात या झडपेची वाट ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. आजार वाढला की ती दीड किंवा त्याहून कमी होते. अनेकदा हा आजार तरुण स्त्रीला गरोदरपणात कळतो, कारण तेव्हा रक्ताचे प्रमाण आणि ठोक्यांची गती दोन्ही वाढतात. सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत रक्ताचा वेग मोजतात आणि त्या वेगाच्या वर्गाला ४ ने गुणून दाबातील फरक काढतात. वेग सेकंदाला २ मीटर असेल तर फरक येतो १६ मिलिमीटर पारा. हे सोपे सूत्र कोणत्या परिस्थितीत चुकते, गती ७० वरून ११० झाली तर हा फरक किती चढतो, हे प्रवाहाच्या गणिताचे प्रश्न आहेत. उपयोजित गणिताच्या विद्यार्थ्याला ते परके नाहीत.

ईसीजीचा उलटा प्रश्न. छातीवर मिळालेल्या आलेखावरून आत नेमके काय बिघडले हे शोधणे. येथे एक भेद समजून घ्यावा. ईसीजीचे ‘नॉर्मल’ आणि ‘ॲबनॉर्मल’ असे गट मशीन लर्निंगने पाडणे हे उपयोगी काम आहे, पण ते हृदयाचे मॉडेल नव्हे. त्यात आलेख ओळखला जातो, त्यामागचे कारण उलगडत नाही. अशा कामासाठी जगभर वापरला जाणारा एमआयटी-बीआयएच हा संच १९७५ ते १९७९ या काळात बोस्टनमध्ये नोंदवलेला आहे. त्यात ४७ व्यक्तींच्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत. त्यावर इतके शोधनिबंध झाले आहेत की केवळ अचूकतेचा आकडा थोडा वाढवून पीएच.डी. उभी राहणे कठीण. कारणाचे मॉडेल आणि ओळखण्याचे तंत्र यांची सांगड घातली तर मात्र त्याच आलेखांतून नवे काही मिळू शकते.

नोंदणी कोठे करायची?

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची. मुख्य परिसर नांदेडला आणि उपपरिसर लातूरला आहे. गणित, संगणकशास्त्र आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विद्याशाखांची संकुले नांदेडच्या परिसरात आहेत. अभियांत्रिकीसाठी नांदेडलाच १९८१ साली सुरू झालेली श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक आणि मेकॅनिकल हे विभाग या विषयाला जवळचे आहेत.

वैद्यकीय बाजू वेगळ्या छत्राखाली आहे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे गणिताचा मार्गदर्शक एका विद्यापीठाचा आणि हृदयाचा डॉक्टर दुसऱ्या विद्यापीठाचा. एकत्र काम करता येते, पण डॉक्टरांची भूमिका काय, माहिती कोणाची, शोधनिबंधावर नावे कोणाची, हे सुरुवातीलाच लेखी ठरवावे. लातूर पॅटर्नमुळे या भागातून दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणाला जातात. बारावीला शेजारच्या बाकावर बसणारा मित्र आज कुठेतरी एम.डी. करत असतो. डॉक्टरांशी पहिले बोलणे अशा ओळखीतूनच सोपे होते.

बाहेर जायची तयारी असेल तर आयआयटी मुंबईचा जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग, आयआयटी हैदराबादचा बायोमेडिकल अभियांत्रिकी विभाग आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था हे पर्याय पाहावेत. नांदेड आणि लातूर दोन्हींहून हैदराबाद मुंबईपेक्षा बरेच जवळ आहे. घरची जबाबदारी असलेल्यांना हे महत्त्वाचे ठरते.

प्रवेशाचे नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहेत. त्यांतील मुख्य बाबी अशा:

• पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण, आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के.
• चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असेल तर ७५ टक्के गुण.
• कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत.
• संपूर्ण काळात प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा.
• कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचे.
• नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.
• प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात.

शेवटच्या नियमामुळेच जागा कमी असतात. मार्गदर्शक कितीही योग्य असला तरी त्याच्याकडे जागा रिकामी नसेल तर नोंदणी होत नाही. म्हणून विद्यापीठाची रिक्त जागांची यादी आली की आधी तीच वाचावी. २०२४ पासून नेटचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. स्थानिक प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, आणि तिच्यातून मिळणारी सूट यांसाठी त्या त्या वर्षीची अधिसूचना पाहावी. गणित आणि भौतिकशास्त्राची नेट सीएसआयआरची असते, संगणकशास्त्राची यूजीसीची.

पैशाची सोय

संशोधनात पाच वर्षे जातात आणि त्या काळात घर चालवावे लागते. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा.

राज्यातील संस्थांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, आणि इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. यांच्या जाहिराती दरवर्षी ठरलेल्या तारखेला येतीलच असे नाही, आणि नोंदणीचा दाखला सहसा मागितला जातो. म्हणून पीएच.डी.ची नोंदणी झाली की कागदपत्रांची फाइल तयार ठेवावी.

संगणक, सॉफ्टवेअर आणि माहिती

सुरुवातीला पैसे खर्च करावे लागत नाहीत. पेशीच्या मॉडेलसाठी मायोकिट आणि ओपनकोर, ऊती व अवयवासाठी चेस्ट आणि ओपनकार्प, तुकड्यांच्या पद्धतीसाठी फेनिक्स ही साधने शैक्षणिक वापराला मोफत आहेत. प्रसिद्ध झालेली शेकडो मॉडेल सेलएमएल या संग्रहात उतरवून घेता येतात. फिजिओनेटवर ईसीजीच्या नोंदी आहेत. मोठ्या गणनेसाठी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून उभे राहिलेले महासंगणक आहेत. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म हा त्यांपैकी एक. अशा संगणकावर काम दुरून पाठवता येते, फक्त संस्थेमार्फत वेळ मागावी लागते.

रुग्णांची माहिती घ्यायची असेल तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. डॉक्टर ओळखीचे आहेत म्हणून पेन ड्राइव्हवर इकोच्या फाइल घेणे नियमात बसत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी पायाभूत धरली जातात. रुग्णाचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक काढूनच माहिती हाती यावी. मंजुरीला काही महिने लागू शकतात, म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच अर्ज तयार करावा.

मार्गदर्शकाकडे जाण्यापूर्वी

मार्गदर्शकाने हृदयावरच काम केलेले असावे असा आग्रह धरू नये. या भागात तसे मार्गदर्शक मोजकेच मिळतील. विकलन समीकरणे, प्रवाहांचे गणित किंवा संकेत-विश्लेषण यांत ज्यांचे खरे काम आहे, त्यांच्याकडे हृदयाचा प्रश्न घेऊन जाता येते. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध वाचावेत. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहावेत. किती जणांचे काम पूर्ण झाले आणि किती वर्षांत, हेही तिथून कळते. आपल्या मनातला विषय आधी कोणी हाताळला आहे का, याचीही तपासणी तिथेच होते.

स्वतःची तयारी सहा महिन्यांत जमण्यासारखी आहे. पहिले दोन महिने पायथन आणि समीकरणे संगणकावर सोडवण्याच्या रीती. पुढचे दोन महिने शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकातील हृदयाची प्रकरणे, एखाद्या डॉक्टरांच्या मदतीने. शेवटचे दोन महिने प्रत्यक्ष काम: नोबल यांचे १९६० चे चार राशींचे मॉडेल स्वतः लिहून चालवायचे, ठोके उमटतात का पाहायचे, आणि मग पोटॅशियम कमी-जास्त करून ठोका का बदलला याचे उत्तर शोधायचे. हे जमले, तर विषय आपल्याला झेपतो की नाही हे नोंदणीच्या आधीच कळते. आणि मार्गदर्शकासमोर बसताना अर्जाबरोबर दाखवायला आपण स्वतः काढलेला एक आलेखही असतो.